पांढऱ्या कार्डाचं ताट

२ डिसेंबर
कार्यकारिणीचं पत्र आलं. आमच्या वृद्धनिवासाचं स्वतःचं स्वयंपाकघर चालू ठेवायचं की बाहेरून डबे मागवायचे, हे वर्षअखेरच्या जेवणावरून ठरणार. अध्यक्ष स्वतः जेवायला येणार. आचारी मंडळींची तोंडं उतरली. मी किचनचा मॅनेजर, माझं नाही. परीक्षेला घाबरायचं कुणी? ज्याचा अभ्यास झालेला नाही त्याने. माझा आजपासून सुरू.
संकल्प : प्रत्येक आजाराला स्वतंत्र सणासुदीचा मेन्यू. मुख्य आचाऱ्यावर ओरडायचं नाही. रोज चालायला जायचं.
बायको म्हणाली, अहो, लोकांना काय खावंसं वाटतंय ते सरळ विचारा की. तिला समजावलं की खावंसं वाटणं हा वैद्यकीय प्रकार नाही. ती भाजी निवडत राहिली.

३ डिसेंबर
ओरडलो. पण संकल्पात ‘विनाकारण’ हा शब्द राहून गेला होता. आता घातला. चालायला गेलो नाही. बूट सापडले नाहीत.

५ डिसेंबर
सगळ्यांकडून आहाराचे फॉर्म भरून घेतले. ‘कर्नल’ यांनी (सैन्यात कधीच नव्हते, मिशांमुळे म्हणतात) आजाराच्या रकान्यात ‘म्हातारपण’ असं लिहिलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी अ‍ॅलर्जी म्हणून मुख्य आचाऱ्याचं नाव घातलंय, वर माझ्या फॉर्ममधल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्यात. शास्त्रीय कामाची थट्टा करायला अक्कल लागत नाही.

८ डिसेंबर
मेन्यू तयार. स्वतःचंच कौतुक वाटलं. पाच रंगांची कार्डं. ज्याचं जे कार्ड, त्याला ते ताट.
निळं : काहीही चालणारे. हिरवं : शाकाहारी. लाल : साखर बंद. पिवळं : ज्यांना चावता येत नाही ते. ह्यांची वजनं घटतात, म्हणून त्यांना मुद्दाम सायीचं कस्टर्ड, लोण्यात घोटलेले बटाटे आणि दुधात भिजवलेला मऊ केक. पांढरं : हृदय, रक्तदाब, साखर असं सगळंच असलेले. त्यांना उकडलेला भोपळा, मोकळा भात, सफरचंदाची फोड. मीठ, तेल, तूप, साखर काही नाही. अत्यंत शुद्ध.
मुख्य आचारी म्हणाला, साहेब, एका शेगडीवर पाच संसार कसे करू? त्याला दूरदृष्टी म्हणजे काय ते सांगितलं. तो मागच्या दाराने बाहेर गेला. विचार करायला गेला असावा.

९ डिसेंबर
पाचही मेन्यू नोटीस बोर्डावर लावले. पारदर्शक कारभार! बोर्डापुढे ही गर्दी. काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. लोक मेन्यू वहीत उतरवून घेत होते. मास्तरीणबाईंनी कर्नलना मोठ्याने वाचून दाखवला, कस्टर्डचा भाग दोनदा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.
बायको म्हणाली, असं आधी दाखवतं का कुणी? तिने सहा माणसांच्या वर कधी स्वयंपाक केलेला नाही.

११ डिसेंबर
कर्नलना चावता येईनासं झालं. अचानक. परवा तर माझ्यासमोर दाताने अक्रोड फोडत होते. वय फार वाईट असतं. त्यांना पिवळं कार्ड दिलं. धीराने घेतलं त्यांनी. जाताना शीळ घालत होते.

१४ डिसेंबर
कवळ्या हरवण्याची साथ आलीय. सकाळपासून नऊ तक्रारी. सफाईवाल्या मावशींना वाचनालयातल्या कपाटात, विश्वकोशांच्या मागे, काचेच्या पेल्यांत ठेवलेल्या सगळ्या सापडल्या. प्रत्येक पेल्यावर नावाची चिठ्ठी होती. चोर व्यवस्थित दिसतो. ‘आपली कवळी ओळखून घेऊन जावी’ अशी सूचना लावली. कुणीही आलं नाही.

१६ डिसेंबर
निवासाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. बऱ्याच तापल्या होत्या. म्हणाल्या, तुमचा अख्खा पहिला मजला माझ्याकडे रांग लावून ‘आमची साखर गेली असं लिहून द्या’ म्हणतोय, तुम्ही केलंय तरी काय? मी म्हणालो, जागृती. त्या म्हणाल्या, बोर्डावरचा मेन्यू काढा आधी. मी म्हणालो, बाई, लावलेला मेन्यू म्हणजे दिलेला शब्द. त्यांनी फोन ठेवला. डॉक्टर लोकांना आजार कमी झालेले बघवत नाहीत, हे ऐकून होतो. आज अनुभव आला.

१८ डिसेंबर
आढावा घेतला. पिवळी कार्डं निम्म्याहून जास्त. लाल, अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पांढरं, एकही नाही. एकही! सगळ्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परत केली.
लगेच अध्यक्षांना अहवाल पाठवला : आहारनियोजनाच्या केवळ घोषणेने दहा दिवसांत वृद्धनिवासातून हृदयविकार हद्दपार. उत्तर आलं, ‘मिळाले.’ मोठी माणसं मोजकंच बोलतात.

२० डिसेंबर
मुख्य आचारी म्हणाला, साहेब, सगळ्यांना कस्टर्डच हवंय, तर एक मोठं पातेलं करून टाकू, सगळे खूश. आणि पांढरं तर करायलाच नको, खाणारंच कुणी नाही. मी म्हणालो, प्रश्न खाणाऱ्याचा नाही, तत्त्वाचा आहे. दहा जणांचं पांढरं होणारच.
थोडा ओरडलो. कारण होतं.

२३ डिसेंबर
आनंदाचा दिवस! अध्यक्षांचा फॉर्म आला. त्यांच्या बायकोने भरलाय, अक्षर बायकी आणि ठाम. साखर, रक्तदाब, हृदय, तिन्ही. खाली दोन रेघा मारून : ‘हे काहीही सांगतील, ऐकू नये.’
पांढरं कार्ड! असं प्रामाणिक पोट शोधून सापडायचं नाही. कार्ड मी स्वतः लिहिलं, नाव दोनदा गिरवलं.

२७ डिसेंबर
बायको म्हणाली, अहो, निदान वाटीभर कस्टर्ड तरी ठेवा त्यांच्यापुढे, चार लोकांत बसणार तो माणूस. मी म्हणालो, ज्याच्या हातात निर्णय त्याला गोड खाऊ घालायचं, ह्याला लाच म्हणतात. ती म्हणाली, ह्याला जेवण म्हणतात.
तिला मॅनेजमेंटमधलं कळत नाही. त्यात तिचा दोष नाही.

३० डिसेंबर
सगळी तयारी झाली. भोपळे आले. साय आली. चालायला उद्यापासून नक्की.
थोडी धाकधूक आहे. बारा वर्षं झाली या किचनला. सकाळी दार उघडलं की मोठ्या भांड्यांचा तो आवाज... हे गेलं तर मी सकाळी उठून जाणार कुठे? असले विचार लिहायचे नाहीत, ठरलंय.

३१ डिसेंबर, दुपारी चार
झालं! मैदान मारलं!
हॉल खच्चून भरलेला. जिकडे बघावं तिकडे पिवळी कार्डं. कर्नलनी तीनदा कस्टर्ड घेतलं. मास्तरीणबाईंनी एका हातात पिवळं कार्ड धरून शेजारणीच्या निळ्या ताटातली कोंबडीची तंगडी हाडापर्यंत साफ केली, कवळी नसताना. जिद्द असावी तर अशी. ताटं इतकी स्वच्छ परत आली की भांडीवाल्या मावशी म्हणाल्या, ह्यांच्यात वाढलं होतं ना काही?
अध्यक्षांना मधल्या टेबलावर बसवलं. पांढरं ताट मी स्वतः नेलं. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग शेजारच्या कर्नलच्या ताटाकडे, मग पुन्हा स्वतःच्या. मी उभा राहून कार्डामागची भूमिका समजावली, साधारण पंधरा मिनिटं. ते ऐकत होते. कर्नलनी मधेच आपली कस्टर्डची वाटी हळूच त्यांच्याकडे सरकवली. माझं लक्ष होतं म्हणून बरं. पटकन उचलली. अध्यक्षांचा हात तसाच हवेत राहिला. भारावले असावेत.
मग त्यांनी मीठ मागितलं. मी हसून मान हलवली. ते हसले नाहीत. पदाचं भान.
शंभर टक्के नियमाप्रमाणे जेवलेला माणूस आज हॉलमध्ये एकच होता आणि तो नेमका अध्यक्ष. याहून जास्त काय हवं?

१ जानेवारी
चालायला गेलो. कोपऱ्यापर्यंत. बायकोला म्हणालो, उद्या पत्र येईल, तुझ्या भावाला सांगून ठेव, त्याला फार शंका होत्या.

२ जानेवारी
पत्र आलं. पुढच्या महिन्यापासून बाहेरचे डबे. कारण एका शब्दात : बेचव.
दोनदा वाचलं. मुख्य आचाऱ्याला दाखवलं. त्याने अ‍ॅप्रन काढला, घडी घालून ओट्यावर ठेवला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.
अध्यक्षांना फोन लावला. म्हणालो, साहेब, अख्ख्या हॉलने बोटं चाटून खाल्लंय, कुणालाही विचारा. ते शांतपणे म्हणाले, मी कुणाला विचारत बसलो नाही, मी जेवलो.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
दुपारी किचनमध्ये कुणी नव्हतं. भूक लागली होती. फ्रीजमध्ये पांढऱ्या कार्डाचं उरलेलं होतं, नऊ जणांचं. एक ताट वाढून घेतलं, गरम केलं, अध्यक्षांच्याच खुर्चीवर जाऊन बसलो. पाचही मेन्यू माझे, पण हा मी कधी तोंडात घातला नव्हता. भोपळ्याचा एक घास घेतला. मग भाताचा एक. मग पाणी प्यालो. तिसरा घास काही घशाखाली उतरेना.
अध्यक्षांनी निम्मं ताट संपवलं होतं. सोशिक माणूस.