तिसरी तार

प्रिय वेंडेल,

घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकला असता तर जे विचारायचंय ते मला विचारवलं नसतं. हॅलिफॅक्सला परवापासून बर्फ पडतोय, त्यामुळे प्रयोगशाळेत कुणी फिरकत नाही. मी मात्र येते आणि तुझ्या जागेवर बसते. एरवी या कामाला लागणाऱ्या महागड्या प्लॅटिनमचा कणही न वापरता पाण्यातून हायड्रोजन काढणारी तुझी ती लोखंडाची काळी पावडर! तिच्यावर तुला पदवी मिळाली, कॅलगरीची नोकरी मिळाली, पेपरात फोटो आला. आता माझा प्रबंधही तिच्यावरच चाललाय.

सेल कशी लावायची ते मला तूच शिकवलंस. काचेचं भांडं आधी आम्लात बुडवून ठेवायचं, मग उकळत्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचं. "आत बोट घातलंस तर पावडरीऐवजी तुझं सँडविच मोजत बसशील, बाई," असं म्हणून वर हसायचास. आत आम्ल घातलेलं पाणी, आणि त्यात वीज सोडायला तीन इलेक्ट्रोड: एकावर पावडर, दुसरा व्होल्टेज मापायला, आणि तिसरी ती प्लॅटिनमची तार, नुसतं सर्किट पुरं करायला. तिच्याकडे कोण कशाला बघतंय? मीही बघितलं नाही. पावडर दिवसेंदिवस जोर धरत होती, बुडबुडे उसळत होते, आणि मी मनात म्हणत होते, वेंडेलनं कमाल केली.

मंगळवारी धुताना ती तार तुटली. दुसरी सापडेना म्हणून ग्रॅफाइटची कांडी लावली, आणि नवी लावलेली पावडर ढिम्म. एक बुडबुडा येईल तर शपथ. मला वाटलं, घातला मी काहीतरी घोळ. सगळ्या जोडण्या तपासल्या, आम्ल बदललं, पावडर पुन्हा लावली, तरी तेच. शेवटी आधीचा, चांगला चालणारा इलेक्ट्रोड तपासायला दिला. त्याच्यावर प्लॅटिनम निघालं, वेंडेल. तार थोडी थोडी आम्लात विरघळत होती आणि पावडरीवर जाऊन बसत होती. सगळं काम तीच करत होती, तुझी पावडर काहीच करत नव्हती. तपासणीचा तो कागद मी तीनदा वाचला.

खरं सांगू, मला माझ्या प्रबंधाचं सुचलंच नाही. आधी तूच आठवलास. बिचाऱ्याला हे सांगायचं कसं, हाच विचार करत मी प्रिचर्डच्या खोलीत गेले. आपले प्रोफेसर दचकतील, खुर्चीतून उठतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला कॉफीचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाले, "ग्रॅफाइट लावायला तुला कुणी सांगितलं होतं?" मी तपासणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मग अगदी मायेनं म्हणाले, "वेंडेलही गेल्या हिवाळ्यात असाच धावत आला होता. रडला, चिडला. समजूत घातली, मग झाला शांत. तूही होशील."  म्हणजे तुला माहीत होतं. निरोपाच्या दिवशी मला मिठी मारलीस तेव्हाही माहीत होतं.

तुझा शोधनिबंध ज्यात छापून आला, त्या नियतकालिकाला सोमवारी मी सगळं कळवणार आहे. त्यात माझी वर्षं जातील, तुझी नोकरीही बहुतेक जाईल. त्याला माझा इलाज नाही, आणि परवानगी मागायला हे पत्र लिहीत नाही. मी दारातून बाहेर पडताना प्रिचर्ड आणखी एक बोलले, त्यासाठी लिहितेय. म्हणाले, "ही पावडर पुढे तुला द्यायची हे माझं डोकं नव्हतं. वेंडेलनंच तुझं नाव सुचवलं."  तू माझं नाव घेतलंस ते मी हे शोधून काढीन म्हणून, की मला कधीच कळणार नाही अशी तुला खात्री होती म्हणून? एवढंच सांग.

उत्तर येईपर्यंत तरी तुझीच,
जिनेट