प्रिंटरला हात लावण्याआधी

ढोल्या,

बुटात चिठ्ठी सापडली म्हणून बोंबलू नकोस. घरात बाबा हात लावत नाहीत अशी तेवढीच जागा आहे. मी त्यांच्या डॉक्टरांकडे चाललेय.

काल दुपारी बाबांपासून लपवलेला त्यांचा रिपोर्ट डॉक्टरांसाठी छापायला घेतला, तर आपला म्हातारा कॉम्प्युटर मेमरी कमी म्हणून अडून बसला. व्हर्च्युअल मेमरी वाढवली, स्पूलिंगचं, म्हणजे प्रिंट रांगेत लावायचं, सेटिंग बदललं, तरी प्रिंटर ढिम्म. घाबरून मी चार वेळा प्रिंट दिलं. तेवढ्यात बाबा खोलीत आले, म्हणून प्रिंटर बंद करून चहा टाकायला पळाले.

आज दहाला ते शब्दकोडं छापायला बसतील आणि कोड्याच्या आधी रांगेत अडकलेला रिपोर्ट बाहेर येईल. सकाळी पुसायला गेले, तर कॉम्प्युटरच अडकला. तेव्हा अंघोळ राहू दे. तो बंद करून चालू कर, प्रिंटच्या रांगेतलं सगळं पुसून टाक, मगच प्रिंटर लाव.

आणखी एक. मी चार वेळा दिलं होतं, रांगेत तीनच दिसले. चौथा कागद सगळीकडे शोधला, सापडला नाही. मी कोपऱ्यावर गेले तरी "कुठे चाललीस?" विचारणारे बाबा आज मला तयार झालेलं पाहूनही काहीच बोलले नाहीत. नुसती छत्री हातात दिली.

ताई