खुणेची पोच

श्रीरामपूर
९ जानेवारी २०२६

चि. हर्षल,
सप्रेम सलाम व आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे. क्षेम नाही, तेव्हा लिहीत नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर महिना झाला, तुझ्या बापाचा उजवा हात तसूभर हलत नाही आणि बोलणंही बंदच. ऐकतो मात्र सगळं, तिथेच घोटाळा झाला. त्याचं अंग पुसायला येणाऱ्या लंकाबाईंनी काल मोबाईल त्याच्या कानाशी धरला, म्हणे तुमचा हर्षल लई भारी बोललाय.

परदेशी संघाचा मुख्य प्रशिक्षक झालास, सूट घालून मुलाखत दिलीस, छान दिसलास. पण सांगितलंस काय? वीस वर्षांचा असताना निवड सामन्यात ब्याण्णववर खेळत होतो, अंपायर माझे वडील होते, चेंडू बॅटला लागूनही त्यांनी मला पायचीत दिलं, आणि अन्याय म्हणजे काय ते मी तिथे शिकलो. तुझ्या बापाने हे पडल्या पडल्या ऐकलं आणि मोबाईल बंद झाल्यावरही छताकडे बघत राहिला.

नेमलेले अंपायर त्या दिवशी नगरला पोचलेच नाहीत म्हणून कल्याणला उभं केलं, हे मुलाखतीत का नाही आलं? मी तिथे होते. आठवडाभर गणित शिकवायचं आणि रविवारी तो अंपायर असलेल्या सामन्यांचा स्कोअर लिहायचा, हे माझं ठरलेलं. अंपायरने खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची. पोच मिळेपर्यंत तो खूण सोडत नाही. कल्याण कधीच सोडायचा नाही.

फोनवर मी चढले की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी आम्हाला मोठ्याने बोलू नये असं शिकवलं होतं, लिहू नये असं नाही. हाताने लिहून पोच दे. बापासाठी एक ओळ घाल, मी वाचून दाखवीन.

लोभ आहेच, आज तो खाली दाबून ठेवला आहे.
तुझी आत्या,
सत्यशीला


हॉटेलच्या खोलीतून
२२ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र मिळालं, ही पोच. पप्पांचं कळलं तेव्हा मैदानावर सराव चालू होता. फोन ठेवला आणि राहिलेली चाळीस मिनिटं पूर्ण केली. आतून काही हललं नाही. अजून हलत नाही, तुझ्यापासून लपवत नाही.

मुलाखतीतलं ते वाक्य मी तेवीस वर्षं सांगतोय, पोरांना, पत्रकारांना. आता तोंडपाठ आहे. तसा बाद झाल्यावर राज्याच्या संघात यायला तीन वर्षं गेली. अकरा सामने मिळाले, मग गुडघा गेला. जास्त मिळाले असते का, माहीत नाही.

पप्पांसाठी एक ओळ मागितलीस. तासभर कागद समोर आहे, सुचत नाही. आमची पात्रता फेरी दोन मार्चला संपते. शुद्धलेखनाच्या चुका मोजशीलच.

माया कमी केलीस तरी चालेल, बंद करू नकोस.
तुझा,
हर्षल


श्रीरामपूर
३ फेब्रुवारी २०२६

चि. हर्षल,
सलाम व आशीर्वाद.

सात चुका. आल्यावर दाखवीन.

आता जे लिहिते ते तुला कधी सांगणार नाही, असं मी कल्याणला वचन दिलं होतं. त्या संध्याकाळी एसटीत तू किट उराशी धरून मागे बसला होतास. राहुरी स्टँडवर पाणी प्यायला उतरलास, तेव्हा तो मला म्हणाला की त्याला संशय होता. बारीकसा आवाज आला होता. बॅटचा की पॅडचा ते कळलं नाही. संशयाचा फायदा फलंदाजाला, हा नियम त्याने शेकडो पोरांसाठी पाळला. पण कडेला बसलेले लोक म्हणणार होते की बापाने पोराला वाचवलं. म्हणून बोट वर केलं. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर नाबाद दिलं असतं, असंही म्हणाला.

त्यानंतर त्याने अंपायरचा कोट अंगाला लावला नाही. तुम्ही दोघं घरात हवापाण्याचं तेवढं बोललात. मी मधे गप्प बसले आणि त्याला शिस्त समजले. मूर्ख बाई!

त्याची बाजू मी मांडत नाही. त्याला बोलता येत नाही म्हणून त्याचं वाक्य पोचवलं. रागवायचं तर आता पुरती माहिती घेऊन रागव.

पत्र फाडू नकोस, इतका लोभ असू दे.
सत्यशीला आत्या


हॉटेलच्या खोलीतून
१३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
सलाम.

चेंडू बॅटला लागला नव्हता. पॅडवर बसला, गुडघ्याखाली, मधल्या स्टंपसमोर. पप्पांनी ऐकला तो आवाज माझ्या पॅडच्या सैल बक्कलचा.

परत चालत येताना मला माहीत होतं. तंबूत कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं की बापानेच मारलं तुला, आणि मी हो म्हणालो. मग ते हो मागे घेता आलं नाही. आता रोज असे चेंडू पडद्यावर थांबवून पोरांना दाखवतो, की बघा, हा बाद आहे, अंपायरकडे डोळे वटारू नका.

हे पप्पांना वाचून दाखव, शब्द न गाळता. तिकीट चार मार्चचं काढलंय.

तुझा,
हर्षल


श्रीरामपूर
२४ फेब्रुवारी २०२६

चि. हर्षल,
सलाम व आशीर्वाद.

पत्र काल दुपारी आलं. लंकाबाईंना चहा टाकायला पाठवलं आणि शब्द न गाळता वाचलं. बक्कलपाशी त्याने डोळे मिटले, म्हणून ते वाक्य पुन्हा वाचलं.

मी कागदाची घडी घालत होते, तेव्हा त्याने डावा हात छातीवरून आडवा नेऊन उजव्या खांद्यावर ठेवला. चहा घेऊन आलेल्या लंकाबाई म्हणाल्या, खांदा दुखत असंल, तेल लावते. त्याने मानेने नको म्हटलं आणि निर्जीव उजव्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दिलेला निर्णय मागे घ्यायचा असला की अंपायर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन उलट खांद्यांना लावतो. मी त्याचा उजवा हात उचलला. गार होता, जड होता. डाव्या खांद्यावर नेऊन धरून ठेवला.

तू मला ओळखतोस, मी वादही घातला. म्हटलं की अरे, पोरगा स्वतःच बाद होतो म्हणतोय, मग आता काय मागे घेतोस? त्याला सगळं समजलं होतं. तरी डावा हात काढेना, माझ्याकडे बघत राहिला. तो कशासाठी थांबलाय ते मला उशिराच आठवलं. एका हाताने त्याचा हात धरून ठेवला आणि दुसरा वर केला. तेव्हा त्याने डावा हात खाली घेतला.

जुन्या स्कोअरवहीत मी खाडाखोड करणार नाही. ब्याण्णव, पायचीत, तसंच राहील. दाबून ठेवलेला लोभ मात्र वर काढला आहे.

माझी पोच मी दिली. तुझी राहिली आहे. चारला ये.

तुझी आत्या,
सत्यशीला