जेली थिजेपर्यंत

४ मे, सोमवार. सकाळी ११
चिरंजीवांचा फोन. नातीला तीन आठवड्यांची सुट्टी लागली. गेली दोन वर्षं ती सुट्टीत विहीणबाईंकडे जाते, कारण त्यांच्याकडे बाग आहे, कुत्रा आहे आणि शिस्त नाही. या वर्षी म्हणे तिलाच ठरवू दे कुठे जायचं ते. आठ वर्षांच्या मुलीने ठरवायचं! आमच्या वेळी आम्ही फक्त उठून उभं राहायचं ठरवत असू, तेही घंटा झाल्यावर.

मग फोन नातीला दिला. विचारलं, येतेस ना माझ्याकडे? तिने विचारलं, आजी, तुझ्याकडे काय असतं?

चोख उत्तर दिलं. जेली असते म्हटलं. पाकिटातली नव्हे, ताज्या बेरींची, घरी केलेली. ती म्हणाली, खरंच? तुला येते? मी म्हटलं, एकतीस वर्षं मुलींना शिकवली आहे.

रविवारी सगळे जेवायला येणार. जेली खाऊन ती इथेच राहील. यात ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

५ मे, मंगळवार
फळवाल्याकडे गेले. स्ट्रॉबेरी वरच्या थरात टपोऱ्या, खालच्या थरात दमलेल्या. खोका उलटा करून दाखव म्हटलं. तो म्हणाला, मॅडम, लग्नाची मुलगी बघताय का? मी म्हटलं, सून आणताना मी इतकं बघितलं नाही म्हणूनच आज खोका उलटा करतेय. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

स्ट्रॉबेरी एक किलो, रास्पबेरीचे दोन डबे, मूठभर तुती. सगळं लालच लाल. पदार्थात रंगसंगती हवी, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. म्हणून चार किवी घेतल्या. लाल जेलीत हिरव्या चकत्या. विहीणबाईंना असलं कधी सुचणार नाही. त्या केकवर टिकल्या लावतात.

दुपारी नातीची खोली लावली. वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. साडेसहाला उठणे, सातला दूध, साडेसातला सुवाच्य अक्षर, नऊला पाढे. अकरा ते साडेअकरा मौज.

६ मे, बुधवार. सकाळी ७
काल संध्याकाळी सगळं रीतसर केलं. बेरी साखर घालून शिजवल्या, गाळल्या, लिंबू पिळलं. जिलेटिन थंड पाण्यात फुगवून गरम रसात विरघळवलं. साच्यात ओतलं, किवीच्या चकत्या फुलासारख्या मांडल्या. सुंदर. फ्रीजमध्ये ठेवलं आणि दारावर हलकेच थाप मारली.

आत्ता उघडलं. पाणी. साचा हलवला की किवी पोहतात.

जिलेटिन जुनं असणार. दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

दुपारी ४
दुकानात जाऊन डबा आदळला. दुकानदार म्हणाला, मॅडम, मागच्याच महिन्याचा माल आहे, तारीख बघा. मी चष्मा न लावताच सांगितलं की तारखा छापणारेही तुमचेच लोक असतात. त्याने दुसऱ्या कंपनीचा डबा दिला आणि म्हणाला, यानेही नाही झाली तर मग डब्याचा दोष नाही. उद्धट.

७ मे, गुरुवार
नवा डबा. पुन्हा पाणी. जरा दाट पाणी, पण पाणी.

म्हणजे फ्रीज. दुसरं काय असणार? मेकॅनिकला बोलावलं. अकराला येतो म्हणून एकला आला. फ्रीजमध्ये थर्मामीटर लावून वीस मिनिटं माझ्याच खुर्चीत बसला. मग म्हणाला, आजी, फ्रीज फर्स्ट क्लास आहे. आत काय ठेवलंय, सरबत?

मी म्हटलं, मला नात आजी म्हणते, तुम्ही मॅडम म्हणा. आणि ती जेली आहे. त्याने वाकून साचा हलवून बघितला. म्हणाला, मॅडम, हिला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी म्हटलं, कशाबद्दल? म्हणाला, की ती जेली आहे.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मदर सुपीरियर म्हणायच्या, राग आला की मनात वीस अंक मोजावेत. मी चौदापर्यंत पोचले. मग त्याला दार दाखवलं. दार त्याला आधीच माहीत होतं.

संध्याकाळी
संकल्प. (१) उद्यापासून कुणावर चिडणार नाही. (२) फ्रीज बदलणार. (३) मुलाला सांगणार की सुनेने भेट दिलेला फ्रीज असाच निघायचा.

८ मे, शुक्रवार
मावशींना फोन केला. मावशी म्हणजे आमच्या शाळेच्या डोमेस्टिक सायन्सच्या लॅबमधल्या मदतनीस. त्याही रिटायर झाल्या, आता त्यांच्या मुलीकडे असतात. फोन केवळ विचारपूस म्हणून केला, हे नोंदवून ठेवते.

गुडघ्यांचं विचारलं, नातवंडांचं विचारलं. मग सहज म्हटलं, मावशी, प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आपण जेली करायचो ना, तेव्हा जिलेटिन किती घ्यायचो?

मग मावशी म्हणाल्या, आपण?

मी म्हटलं, हो, आपण. त्या म्हणाल्या, बाई, तुम्ही टेबलाशी बसून मार्कांचा तक्ता आखायच्या. जेली मी करत असे. एकदा तुम्ही चमचा हातात घेतला होता, पण तो मुलींना दाखवायला.

माणसाचं वय झालं की स्मृती अशी दगा देते. मावशींबद्दल वाईट वाटलं. शिकवणं म्हणजे करणं नव्हे, हे त्यांना कसं समजावणार? पोहणं शिकवणारा शिट्टी घेऊन काठावरच उभा असतो.

तरी त्यांनी विचारलं, फळं कुठली घातली? म्हटलं, स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, तुती. त्या म्हणाल्या, मग व्हायलाच हवी. अजून काही घातलंत का, बाई? नीट आठवा. मी म्हटलं, मावशी, फळांची निवड माझ्यावर सोडा. आणि ठेवला फोन. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणच मला नाच शिकवायला निघालं होतं.

९ मे, शनिवार
जिलेटिन तिप्पट घातलं. बघू कशी होत नाही ते.

दुपारी २. नाही झाली. मधे रबराच्या दोन गाठी, भोवती पाणी, त्यात किवी.

दुपारी ५. विचाराअंती असं दिसतं की साच्यातली जेली ही जुनी पद्धत आहे. उंच ग्लासात, गार, चमच्याने ढवळत प्यायची जेली जास्त आधुनिक. नाव 'बेरी कूलर'. हॉटेलात याचे भरपूर पैसे घेतात. मी मुळात हेच करणार होते.

गाठी गाळून घेतल्या.

नातीच्या पलंगावर नवी चादर घातली. उशीचा अभ्रा दोनदा बदलला. पहिला फार फुलाफुलांचा होता, लाड वाटले असते.

१० मे, रविवार. संध्याकाळी ६
झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी भलतंच बोलायला नको.

साडेबाराला आले. नात आल्या आल्या माझ्या कमरेला बिलगली. मी म्हटलं, आधी हात धुऊन ये. (बिलगली ते बरं वाटलं, पण हात खरंच चिकट होते.) तिने घरभर फिरून बघितलं. तिची खोली बघितली. वेळापत्रक मोठ्याने वाचलं आणि विचारलं, आजी, मौजेत काय करायचं? म्हटलं, ते मी सांगीन.

जेवण उत्तम झालं. सूनबाई म्हणाल्या, आई, भाजी छान झालीय. त्यांचं तोंड बघून मला ते खरं वाटलं नाही, पण मी धन्यवाद म्हटलं.

मग ग्लास आणले. मुलगा म्हणाला, अरे वा, सरबत! मी म्हटलं, बेरी कूलर. नातीने ग्लास डोळ्यांसमोर धरला, चमच्याने हिरवी चकती वर काढली आणि अगदी सहज म्हणाली, आजी, तू किवी घातलीस? किवी घातली की जेली होत नाही. कच्च्या किवीत काहीतरी असतं, ते जिलेटिनला खाऊन टाकतं. शिजवून घातली तर चालते.

सूनबाई ग्लासात बघत होत्या. मुलगा खोकला. तो खोकला मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. हसू दाबल्याचा असतो.

मी विचारलं, हे कुणी शिकवलं तुला? तिने तोंड उघडलं, अगं ते तर... म्हणाली. मी म्हटलं, कळलं. तुझ्या दुसऱ्या आजीकडे हेच शिक्षण मिळतं तर. मोठ्यांच्या चुका काढायच्या. ती म्हणाली, नाही आजी, ऐक ना, ते... मी म्हटलं, मधे बोलू नये. विचारलं तरच बोलावं. एकतीस वर्षांत माझ्या वर्गात कुठल्या मुलीने मला असं उत्तर दिलं नाही. आवाज चढला असेल थोडा. मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय आहे.

मुलगा म्हणाला, आई, पुरे. मी त्यालाही म्हटलं, तुझंही मधे बोलणं तसंच आहे, ती तरी कुणावर जाणार?

नातीने ग्लास रिकामा केला. सगळा, चकतीसकट. थँक यू आजी म्हणाली. आणि मग जाईपर्यंत विचारलं तरच बोलली. म्हणजे शिस्त लागते. लावणारं हवं.

चारला निघाले. कुठे राहायचं हा विषय कुणीच काढला नाही. मीही नाही. आमंत्रण एकदा दिलं जातं.

रात्री ८
मुलाचा फोन. म्हणाला, आई, ती बॅग भरून आली होती. तीन आठवड्यांची. डिकीत होती. जेवण झाल्यावर तुला सरप्राइज देणार होती.

मी म्हटलं, मग आधी सांगायचंत.

तो म्हणाला, आधी सांगितलं तर त्याला सरप्राइज म्हणत नाहीत. मी विचारलं, मग काढली का नाहीत बॅग? तो म्हणाला, जिना उतरताना हळूच म्हणाली, बाबा, बॅग राहू दे. उद्या सकाळी तिला तिकडे सोडतोय.

मी म्हटलं, ठीक आहे, मलाही या महिन्यात सोयीचं नव्हतंच. फ्रीज बदलायचा आहे.

तो म्हणाला, आई, फ्रीज चांगला आहे गं. आणि फोन ठेवला. आधी त्याने ठेवला.

११ मे, सोमवार
संकल्प. (१) फोन करणार नाही. (२) अपेक्षा ठेवणार नाही. (३) स्ट्रॉबेरी उरल्या आहेत, वाया घालवणार नाही.

वेळापत्रक काढायला गेले तर भिंतीचा रंग निघतो. राहू दे.

१२ मे, मंगळवार
उरलेल्या बेरींची जेली केली. किवी संपल्या होत्या म्हणून घातल्या नाहीत. दुसरं कारण नाही.

संध्याकाळी ५
झाली. साचा गरम पाण्यात क्षणभर बुडवला, ताटलीवर उलटा केला, तर अख्खी उतरली. लाल, आरपार दिसणारी. ताटली हलवली की थरथरते, पण जागा सोडत नाही. मी बराच वेळ हलवत बसले.

एकटीने खाण्याइतकी छोटी जेली साच्यात होत नाही. दोन चमचे खाल्ले. उरलेली झाकून ठेवली.

१३ मे, बुधवार
सकाळी विहीणबाईंकडे फोन केला. पहिला संकल्प मुलाला फोन करण्याबद्दल होता.

ठरवून ठेवलं होतं की नातीला एवढंच सांगायचं, तुझं बरोबर होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. मोजून तीन. आरशासमोर एकदा म्हणूनही बघितलं.

फोन विहीणबाईंनी उचलला. मागे कुत्रा भुंकत होता, नात खिदळत होती. माझ्याकडे ती असं कधी हसली, ते आठवायला लागले. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, तुमची आठवण काढतच होतो. मी थंडपणे म्हटलं, किवीची खबर तुम्ही तिला दिलीत, त्याबद्दल आभार.

त्या म्हणाल्या, कसली किवी? अहो, मला कुठे काय येतं? मी पाकिटातली जेली करते. ती तर तुमच्या वहीत आहे. मागच्या खेपेला तुमच्या रद्दीतून तिने शाळेतल्या नोट्सची एक वही उचलून आणली ना, तीच. तुमचं अक्षर काय मोत्यासारखं! उशाशी घेऊन झोपते ती वही. इथे आली तीसुद्धा घेऊनच. म्हणते, माझ्या आजीला सगळं येतं, फक्त ती विसरते.

मग त्यांनी वाचूनच दाखवलं. 'सूचना: ताजा अननस, पपई व किवी जेलीत कधीही घालू नये.' लाल शाईने दोनदा अधोरेखित.

एकतीस वर्षं दरवर्षी मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं असणार. खडूने, न बघता.

मी काहीतरी म्हणणार होते. ते तीन शब्द तयार होते. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, थांबा हं, आम्ही आत्ता वहीतलं पुढचं पान करतोय, कस्टर्ड. ती गॅसपाशी उभी आहे, तुम्हालाच काहीतरी विचारतेय. फोन तिच्याकडे धरते.

मग नातीचा आवाज. अगदी जपून, विचारलं तरच बोलावं तसा. आजी, कस्टर्डमध्ये गाठी होतायत. काय करू?

मी जन्मात कधी कस्टर्ड केलेलं नाही. तेही मावशीच करायच्या.

म्हटलं, वहीत बघ. आणि फोन ठेवला.