आबांची घोंगडी

सोलापूर, १२ जानेवारी १९३२

तीर्थरूप दादा,

मोंबाशाहून तुमचं पत्र आलं. फोटोत शेत झकास आलंय, पण आबाच अंधुक का, असं विचारलंत. ‘हसताना हलले,’ असं मी कळवून टाकलं. ते खोटं होतं.

तुम्हाला शरदातलं शेत हवं होतं, फुललेल्या तुरीत उभे आबा. यंदा दिवाळीआधीच कडाका पडला. सकाळी आबा घोंगडी पांघरून बांधावर आले. मी म्हणालो, “घोंगडी काढा आबा. फोटोत हिवाळा दिसेल.”

“लई गारठा हाय की रं,” म्हणाले, पण काढली.

धुकं विरेपर्यंत मी त्यांना तसंच उभं ठेवलं. फोटो घ्यायची काच एकच उरली होती. भिंगावरचं झाकण काढून तीन आकडे मोजले, तेवढ्यातही ते थरथरत होते. तुरीचा पिवळा रंग फोटोत काळाच उतरतो, हे फोटोच्या धंद्यामुळं मला आधीच ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी आबा गेले. छातीत कफ भरला, एवढंच मी तुम्हाला तारेनं कळवलं.

धुकं विरेपर्यंत ती घोंगडी मी कॅमेऱ्यावर घातली होती, दादा. भिंगाला दव धरू नये म्हणून.

हे पत्र टपालात टाकायची छाती नसलेला,
तुमचा धाकटा हणमंत