घाट बंद आहे

बोरीवली (पूर्व),
१४ एप्रिल १९८५

प्रिय शकु,

आज जयंती. तुमची मिरवणूक कचेरीवरून पेठेत उतरली असेल आणि तू पांढरं पातळ नेसून सगळ्यांच्या पुढे चालत असशील, असं सकाळपासून डोळ्यांसमोर येतंय. तुला आणि घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. रागावू नकोस. इथे सगळी खुशाल आहेत. चंद्रप्रकाशला बँकेत बढती मिळाली. शुभा सून म्हणून जितकी गुणी तितकीच माझ्यावर नजर ठेवणारी; साखर मोजून देते. ह्यांचं पेन्शनीचं वाचन आणि घोरणं आलटून पालटून चालू असतं. आमच्या गॅलरीतून पार्कातला डोंगर दिसतो. अक्का त्याला डोंगर म्हणायला तयार नाही. म्हणते, "हा उंचवटा आहे. डोंगर म्हणवून घ्यायला घाट लागतो."

मोतीबिंदू काढल्यावर अक्काचा डोळा छान उघडला. डॉक्टर म्हणाले, या वयात इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो. संध्याकाळी खाली बाकावर बसते. बायका भोवती जमतात, तिचं ऐकतात. तिला इथे करमतं. गावाची फारशी आठवण काढत नाही.

तेव्हा शकु, यंदा आमच्या घराच्या झडी बांधू नका. घर बंदच राहणार, उगाच तुम्हा लोकांना त्रास कशाला? राखलेलं गवत दुसऱ्या कुणाला द्या.

परवा शेजारच्या मृणालिनीबाईंना मी झडी म्हणजे काय ते सांगत होते. कारवीच्या काठ्यांची तट्टी, तिच्यावर गवताचा जाड थर, आणि पावसाआधी ती पश्चिमेच्या भिंतीला बांधायची, म्हणजे मातीची भिंत पाणी पीत नाही. त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे घराला रेनकोट!" मी हसले. मग सांगितलं, की ज्या घरात बांधणारा माणूस नाही त्या घराच्या झडी आमच्या कारवघाटात सगळ्यांच्या आधी बांधतात. मग लोक आपापल्या घराकडे वळतात. खोटं कशाला सांगू, मला मोठेपणा वाटला. आणि तासाभराने तुला हे पत्र लिहायला बसले.

आणखी काय लिहू? सगळं ठीक आहे.

तुझी,
चिमी


बोरीवली,
६ मे १९८५

प्रिय शकु,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, आणि त्यातही नमस्कार नाही. "झडीचा शब्द घरच्या बाईच्या तोंडून यावा लागतो. अक्का स्वतः काय म्हणाल्या ते कळव. गवत राखून ठेवलं आहे. मृगापर्यंत थांबेन."

तू शाळेतही अशीच होतीस. सिस्टर अगाथा विचारायच्या, हू ब्रोक द इंकपॉट, आणि सगळा वर्ग खाली बघत असताना तू सरळ माझ्याकडे बघायचीस.

अक्का काय म्हणते ते सांगते, पण जरा माझ्या पद्धतीने सांगू दे.

ती रोज संध्याकाळी बाकावर दप्तराची गोष्ट सांगते. आपल्या आजोबांच्या वेळची. साहेबाने हवा बघून तालुक्याची कचेरी डोंगरावर नेली आणि पहिल्याच पावसात सगळ्या कागदांना बुरशी चढली. मग दर वर्षी ज्येष्ठात दप्तर बैलगाड्यांतून खाली उतरायचं आणि दसऱ्यानंतर वर यायचं. म्हणजे आपला कारवघाट आठ महिने तालुक्याचं ठिकाण आणि चार महिने नुसतं धुक्यातलं खेडं. दप्तर परत यायच्या दिवशी बायका खिंडीत दिवे घेऊन उभ्या राहायच्या, पहिल्या गाडीच्या बैलांना ओवाळायच्या. इथवर सगळ्यांनाच मजा वाटते. मग ती त्या वर्षावर येते, ज्या वर्षी सरकारने ठरवलं की कचेरी आता कायमची खालीच. दसरा गेला, दिवाळी गेली, गाड्या काही आल्या नाहीत. मग गावच खाली उतरलं. तुझे आजोबा कुंडलिकबाबा सगळ्यांत पुढे. पेट्या डोक्यावर घेतल्या आणि आडवाटेने वर आणल्या.

"आणि मामलेदार?" मृणालिनीबाई विचारतात.

"मामलेदार राहिला खालीच. नुसती खुर्ची घेऊन काय करणार? आठ दिवसांनी कागदांमागून झक मारत वर आला."

सगळ्या हसतात. अक्का हसत नाही. तिच्या दृष्टीने ती गंमत नव्हेच. "जे खाली जातं ते वर आणायचं असतं," एवढंच म्हणून ती पदर सावरते. शकु, ती स्वतःला त्या दप्तरात धरते. डोळ्यासाठी खाली आली आहे, आता वर जायचंय, बस्स.

म्हणजे ती विचारते. मी मागे लिहिलं की आठवण काढत नाही, ते तितकंसं बरोबर नव्हतं. होळीला पोहोचवते म्हणून मी शब्द दिला होता, आणि होळीपासून ती विचारते. मी सांगते, घाटाचं काम चाललंय, थांब थोडी.

माझी बाजू तुला ठाऊक आहे. दिवाळीला मी आले तेव्हा स्टोव्ह पेटता ठेवून ती देवळात गेली होती. श्रावणात धुक्यात तिला स्वतःची पायरी दिसली नव्हती आणि गुडघा फुटला होता. तूच पट्टी बांधलीस. सत्तरीच्या बहिणीला त्या घरात एकटं ठेवणं कुणाला बरं दिसेल? तू दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलंस, तूच सांग.

आता जास्त लिहीत नाही. शुभा हाक मारते आहे.

तुझी,
चिमी

ता. क. शुभा हाक मारत नव्हती.


बोरीवली,
२४ मे १९८५

प्रिय शकु,

गेल्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस.

तुला कॉन्व्हेंटच्या मागचं जांभळाचं झाड आठवतं? ख्रिस्ती मुली शनिवारी कन्फेशनला जायच्या आणि आपल्या दोघींना त्यांचा हेवा वाटायचा, म्हणून आपण आपलं वेगळं काढलं होतं. एकीने सांगायचं, दुसरीने फक्त "आणखी?" म्हणायचं. सांगणारी "आणखी काही नाही" म्हणेपर्यंत. तू कधी मधेच सोडलं नाहीस. आज ही माझी पाळी आहे. तू तिथे बसून "आणखी?" म्हण, मला ऐकू येईल.

घाटाचं काम चाललंय असं मी तुला लिहिलं. अक्काला मी तसं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं की घाट बंद आहे. दुसऱ्या वळणावर मोठी दरड आली, एस.टी. बंद, सरकारने कुणालाच वर सोडायचं थांबवलंय.

तुला हे वाचून काय वाटेल ते मला माहीत आहे. आपल्या गावात दुधात पाणी घालतील, वजनात मारतील, कोर्टात शपथेवर वाटेल ते बोलतील. पण घाटाबद्दल खोटं कुणी सांगत नाही. घाट बंद म्हटलं की वरातसुद्धा खाली मुक्काम करते, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून तर मला ते सुचलं. दुसरं काही सांगितलं असतं तर तिने वाद घातला असता. या एकाच शब्दापुढे ती गप्प बसेल हे मी त्याच गावात वाढल्यामुळे मला ठाऊक होतं.

आणि ती बसली. रोज सकाळी चहा घेताना विचारायची, "चिमे, उघडला का गं?" मी म्हणायची, "नाही गं अक्का." "मोठी दरड दिसतेय," ती म्हणायची. आणि एक दिवस तिने विचारलं, "खाली कुणी सापडलं नाही ना?" मी नाही म्हटलं. तरी त्या दिवसापासून ती देवापाशी एक निराळी पणती लावायला लागली. दरड उपसणाऱ्या माणसांसाठी. शुभाने तेल संपल्याची कुरकुर केली तेव्हा मी तिला गप्प केलं. पण पणती विझवायला काही माझा हात झाला नाही. दोन महिने ती पणती माझ्या डोळ्यांसमोर जळत होती.

आणखी. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवायची. तिचा डोळा आता चांगला आहे, पण वाचायचा चष्मा मी अजून करून आणलेला नाही. "पुढच्या आठवड्यात" म्हणत राहिले. घाट उघडा असल्याचं ज्या ओळीतून कळेल ती ओळ मी गाळायची. झडीबद्दल तू काय विचारलंस ते तिला माहीतच नव्हतं.

गेल्या रविवारी गुणाजी आला. मुलीकडे मुलुंडला आला होता, बाईंना भेटायचं म्हणून करवंदांची पाटी घेऊन पार इथवर आला. अक्काच्या पाया पडला.

"बाई, ओळखलंत का? तिसरीत तुम्ही मला बाकावर उभं केलं होतं."

"मग अजून उभाच असशील. मी बस म्हटल्याचं मला आठवत नाही."

किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला! तो बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथूनच त्याला खूण करावी, काहीतरी बोलून विषय बदलावा, असं मनात आलं, आणि पाय हलले नाहीत.

"कसा उतरलास रे? आडवाटेने?"

"आडवाटेने कशाला, बाई? सकाळच्या एस.टी.ने. खिडकी मिळाली."

"घाट उघडा आहे?"

"घाटाला काय धाड भरलीय? शिमग्यापासून एक खडा पडला नाही."

अक्काने माझ्याकडे बघितलं नाही. करवंदाच्या पाटीवरचं पान नीट केलं. मग त्याला म्हणाली, "असं होय. मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. वय झालं."

शकु, तिने मला झाकलं. गावातल्या माणसासमोर धाकट्या बहिणीची लाज राखली. आणि मग आत वळून म्हणाली, "सुगंधा, त्याला चहा टाक."

सुगंधा. शाळेचा दाखला सोडला तर मी तिच्यासाठी कधी सुगंधा नव्हते.

त्या संध्याकाळी तिने ती पणती लावली नाही. धुऊन, पुसून, पालथी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा देऊन वाट बघत उभी राहिले. तिने घाटाचं विचारलं नाही. त्यानंतर एकदाही नाही. बाकावरही जात नाही. जेवते, झोपते, जप करते, "सुगंधा, पाणी दे" म्हणते. आवाजात राग नाही. राग असता तर मी पाय धरले असते.

आणखी?

स्टोव्ह आणि गुडघा ही दोन्ही खरी असली तरी कारण ते नव्हतं. स्टोव्हची व्यवस्था करता आली असती, तू शेजारी आहेस. कारण असं की मला चिमी म्हणणाऱ्या आता तुम्ही दोघीच उरलात. तू कागदावर म्हणतेस, ती हाक मारते. या घरात मी आई आहे, सासूबाई आहे, ह्यांची "अगं" आहे. सकाळी कुणीतरी "चिमे" म्हटलं की मी परकर नेसून कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली असायची, धुकं पेठेत शिरत असायचं, आणि जेलरची कोंबडी कैद्यांच्या वऱ्हांड्यात अंडं घालायची. ते मला रोज हवं होतं. तिचं गाव तोडून मी माझं गाव घरात आणून ठेवलं होतं.

आणि हे मी कुणाच्या बाबतीत केलं? आईने तुझा पेला ओसरीवर वेगळा ठेवलेला पाहून जिने तुझा हात धरून तुला माजघरात नेलं, आपल्या पाटावर बसवलं आणि आपल्याच तांब्यातलं पाणी दिलं, तिच्या बाबतीत. तेव्हा आई आठ दिवस तिच्याशी बोलली नव्हती. अक्काने तेव्हाही सारवासारव केली नव्हती. मी बाजूला उभी राहून बघत होते. आताही बाजूलाच उभी होते.

काल मी शेवटी तिच्यासमोर बसले आणि तुझं कार्ड पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवलं. माझी दोन्ही उत्तरंही सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडचा शब्द तू आधीच देऊन मोकळी झालीस."

"आता काय कळवू, अक्का?"

"घाटाचं खोटं तू सांगितलंस. खरंही तूच सांग, आणि ते गावाला सांग. मला काय, मला गुणाजीने सांगितलंय."

मी उठायला लागले तेव्हा तिने थांबवलं. "आणि शकुला लिही, झडी बांधा. पश्चिमेची आधी. परसदाराकडची तट्टी गेल्या वर्षी आखूड पडली होती, ती वीतभर लांब धरा."

हा तिच्या तोंडचा शब्द, शकु. जसाच्या तसा.

दोन जूनला रविवारी संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही वर येतो. चष्मा आज करायला टाकला, शनिवारी मिळेल. ह्यांना आणि मुलांना मी सगळं सांगितलं. शुभा म्हणाली, "आई, तुम्ही असं केलंत?" आणि मग गुपचूप अक्काच्या पातळांच्या घड्या करायला बसली.

पावसाचे चार महिने मी तिच्यापाशी राहावं असं माझ्या मनात आहे. ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, "ते शकु ठरवील. घर तिच्या भरवशावर आहे." म्हणून तुला विचारते. तू थांब म्हणालीस तर थांबेन, झडी बांधायला हात लावेन, आणि धुकं आलं की पायरीवर उभी राहीन. नको म्हणालीस तर तिला खिंडीत तुझ्या हवाली करून सोमवारच्या एस.टी.ने खाली उतरेन आणि तुला दोष देणार नाही.

खिंडीत दिवा घेऊन ये. अक्कासाठी.

आणखी काही नाही.

सुगंधा