काढलेली दृष्ट

३ फेब्रुवारी

आले एकदाची हुबळीत! उणकलच्या नव्या वसाहतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गच्चीतून तळ्याचा एक तुकडा दिसतो, सकाळी त्यावर बगळे असतात. घरमालक जयतीर्थअण्णा निवृत्त वकील. त्यांच्या पत्नी लीलाअक्का गिरमिट, म्हणजे इथली चुरमुऱ्यांची भेळ, आणि मिरची-भजी घेऊन वर आल्या आणि माझी बॅग उघडायच्या आत आमच्या सोलापूरच्या तीन पिढ्या विचारून मोकळ्या झाल्या. कोप्पीकर रोडवरच्या एका संस्थेत मला छायाचित्रणाचा वर्ग घ्यायचा आहे.

खरा आनंद वेगळाच. महिनाअखेरीस बेळगावहून उत्तरा येणार, चार महिन्यांच्या नातीला घेऊन. बाळाचा नीट असा एकही फोटो नाही. लेकीचा हट्ट, पहिला खरा फोटो आईच काढणार.

६ फेब्रुवारी

पहिला वर्ग. मी टेबलावर हात आपटूनच सुरुवात केली. कॅमेरा निष्पक्ष असतो हे थोतांड आहे! फोटो म्हणजे माझा डोळा काढून तुमच्या तळहातावर ठेवणं. घ्या, बघा माझ्या डोळ्याने, आणि मग सांगा जग कसं दिसतं! टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरच्या केदारीने विचारलं, मॅडम, दुसऱ्याचा डोळा आपल्याला नको असेल तर परत करता येतो काय? सगळे हसले. मीही हसले.

९ फेब्रुवारी

अण्णांना ताप आला. लीलाअक्कांनी त्यांच्यावरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या आणि कोपऱ्यावर तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवर टाकून, मागे न बघता परत आल्या. वकिलाच्या घरात हे!

तिरीमिरीत कॅमेरा घेऊन तिकटीवर गेले. अख्ख्या वसाहतीची काढलेली दृष्ट तिथे ढिगाने पडलेली. फुटलेला कोहळा, आत कुंकवाचा लाल चिखल. काळी पडलेली लिंबं. केसांचा गुंता, फुटकी अंडी, आणि या सगळ्यावर पांढऱ्या अळ्यांची संथ हालचाल. नाकाला पदर लावून, अगदी जवळून फोटो काढले. लोकांना त्यांची घाण त्यांच्याच डोळ्यांपुढे धरून दाखवली पाहिजे.

लीलाअक्का भडकल्या. अहो बाई, काढलेलं परत काढतात काय? दृष्ट काढली, फोटो काढला, एकच की! कन्नडात पण बघा, दृष्टी तेगी, फोटो तेगी. लोकांनी अंगावरून काढून टाकलेलं तुम्ही उचलून घरात आणलंत. क्रियापद एक असलं म्हणून रोग एक होत नाही, मी ठणकावून सांगितलं. फोटो दाखवायला गेले तर त्यांनी डोळ्यांवर हात धरला. अण्णांनाही बघू दिले नाहीत.

१२ फेब्रुवारी

फोटो अप्रतिम आले आहेत. वर्गाच्या ग्रुपवर टाकले, उत्तराला पाठवले. खाली लिहिलं, ‘इथे टाकतात आणि मागे वळून बघत नाहीत. मी बघितलं. आता तुम्ही बघा.’ उत्तराचं लगेच उत्तर आलं, ईऽ आई, शिसारी येते, पण नजर हटत नाही गं.

१६ फेब्रुवारी

लेन्सला काहीतरी झालं आहे. वर्गात एकमेकांचे चेहरे टिपायचे होते. मी काढलेल्या केदारीच्या फोटोत गालाची कातडी सुटलेली, ओली, कोहळ्याच्या सालीसारखी. लेन्स दोनदा पुसली. वर्गातल्याच राणीचा फोटो काढला. तिच्या दातांमागे काहीतरी पांढरं हलताना टिपलं गेलंय.

प्रत्यक्षात तिचे दात मोत्यासारखे आहेत.

१९ फेब्रुवारी

आता हे दिसायला कॅमेराही लागत नाही.

लीलाअक्कांनी भाकरी आणि एणगाई, म्हणजे भरली वांगी, पाठवली. वांग्याचं देठ धरलं तर ते बोटांत मऊ पडलं आणि मसाला वळवळला. ताट मोरीत ओतलं. मग तिथेच ओकले. बगळे बघून मन निवेल म्हणून गच्चीत गेले, तर तळ्याच्या काठावर पांढऱ्या, फुगलेल्या पिशव्या. त्यांना चोची होत्या.

मी विवेकवादी आहे. हा डोळ्यांचा विकार आहे. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, नजर लख्ख आहे.

त्यांच्या पापण्यांतून पू गळत होता.

२२ फेब्रुवारी

वर्गात निम्मी मुलं नाहीत. पोट बिघडलंय म्हणे. साथ असेल.

आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध बोलले तेच आज मागितलं. लीलाअक्कांसमोर पाटावर बसले. त्यांनी ओवाळून मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. घर खोकून बाहेर पळायला हवं होतं. ठसका नाही, साधा वासही नाही. त्या रडायलाच लागल्या. म्हणाल्या, ज्याला दृष्ट लागते त्याची काढता येते हो. ज्याची लागते, त्याची कशी काढायची?

नातीला मी बघायचं नाही. ठरलं. त्या तोंडावर मला हे दिसलं तर —

२४ फेब्रुवारी

केदारीचा फोन. आईच्या हातचं जेवण जात नाही म्हणाला. तिच्या नखांत वळवळतंय. तिला स्वयंपाकघरातून हाकललं. मग म्हणाला — मॅडम, तुमचा डोळा परत घ्या.

म्हणजे फक्त माझ्या डोळ्यात नाही. ज्यांनी ज्यांनी फोटो —

उत्तरा.

२५ फेब्रुवारी

फोन उचलत नव्हती. अखेर उचलला. मी म्हटलं, येऊ नकोस, बाळाला आत्याकडे दे, आजच दे. ती शांत होती. म्हणाली, येतेच आई. तूच सांगतेस ना, घाणीकडे पाठ फिरवू नये. आणि मग हळूच — किती आंघोळी घातल्या, तरी वास जात नाही गं हिचा.

जावई दौऱ्यावर. फोन लागत नाही.

मीच पाठवले. मीच म्हटलं, बघा —

२६ फेब्रुवारी

उत्तरा आली. डोळ्यांवर पट्टी बांधून दार उघडलं. हात पुढे केले. बाळाला घ्यायला. हातात काहीच आलं नाही.

बाळ कुठे, विचारलं. ती म्हणाली, काढून टाकलं, आई. तिकटीवर. मागे वळून नाही बघितलं.

आता ती मोरीत हात धुतेय. गाणं गुणगुणतेय —

लीलाअक्का, अण्णा, तुम्ही लग्नाला गेलात. वहीचं हे पान दाराला लावून जाते. आल्या आल्या तिकटीवर या. तुम्ही फोटो बघितले नाहीत. तुम्हाला ती बाळच दिसेल. दुसऱ्या कुणाला बोलावू नका, कुणी काय बघितलंय मला माहीत —

रडणं ऐकू येतंय इथपर्यंत. कुत्रीही.

थांबता येत नाही. पट्टी बांधूनच जाते. हाताने चाचपडेन. पण त्या ढिगात सगळंच मऊ, सगळंच ओलं, कोहळा कुठला आणि — पट्टी सोडावी लागेल — आणि सोडल्यावर तिथे मला काय दिसेल, मी ते उचलेन की —

रडणं थांबलं —